चुकीचे एकक आणि देवमाशांचा कायदा



लांबी मीटरमध्ये, वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि काळ सेकंदात मोजतात, हे तुम्ही अनेक वर्षे घोकत आला आहात. चांगले एकक कसे असावे, असा प्रश्न परीक्षेत आला तर तुम्ही लिहिता की ते निश्चित असावे, सर्वमान्य असावे आणि स्थळकाळाप्रमाणे बदलणारे नसावे. उत्तर बरोबर आहे आणि त्याला गुणही मिळतील. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. आपल्याला जे मोजायचे आहे, तेच त्या एककाने मोजले गेले पाहिजे. बाजारात नारळ नगावर मिळतो आणि खोबरे वजनावर. शंभर किलो खोबरे विकले, एवढ्यावरून बागेत किती माड उरले ते कधीच कळणार नाही.

आज अशाच एका एककाची गोष्ट सांगायची आहे. ते निश्चित होते, सर्वमान्य होते, आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेले होते. तरीही त्याच्या आधाराने कारभार चालला आणि पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी नामशेष होण्याच्या काठावर जाऊन पोहोचला. त्या एककाचे नाव होते ‘निळा देवमासा एकक’.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कायद्याच्या वाटेला का जावे, असे तुम्ही म्हणाल. पण देवमाशांच्या कायद्याची गोष्ट बरीचशी बेरीज-वजाबाकीची आणि चक्रवाढीची आहे. तिच्यात वकिलाइतकाच गणिताचा विद्यार्थीही लागतो.

देवमासा आणि त्याचे तेल

देवमासा हा मासा नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. निळ्या देवमाशाची लांबी ३० मीटरपर्यंत भरते आणि वजन १५० टनांच्या घरात जाते. त्याच्या मादीला एका वेळी एकच पिलू होते आणि दोन पिलांमध्ये साधारण दोन-तीन वर्षांचे अंतर असते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे गणित तिच्यावर उभे आहे.

जुन्या काळी वल्ह्यांच्या होड्यांतून आणि हातांनी फेकलेल्या भाल्यांनी देवमाशांची शिकार होत असे. निळा आणि फिन हे देवमासे त्या शिकाऱ्यांच्या हाती सहसा लागत नसत. एक तर ते फार वेगाने पोहतात. दुसरे कारण आर्किमिडीजचे. या प्राण्यांच्या शरीराची सरासरी घनता समुद्राच्या पाण्याहून जास्त असल्याने मेल्यावर ते तळाशी जात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन्ही अडचणी दूर झाल्या. नॉर्वेच्या स्वेन्ड फॉइन याने वाफेच्या नौकेवर तोफ बसवली. या तोफेतून सुटणाऱ्या भाल्याच्या टोकाला स्फोटक असे. मेलेल्या देवमाशाच्या शरीरात पंपाने हवा भरली की त्याची सरासरी घनता कमी होऊन तो तरंगत राही. मग १९०४ मध्ये दक्षिण ध्रुवाकडील साउथ जॉर्जिया बेटावर ग्रीटव्हिकेन येथे देवमाशांचे तेल काढण्याचे केंद्र सुरू झाले. १९२५ च्या सुमारास मागच्या बाजूला उतार असलेली कारखाना-जहाजे आली. या उतारावरून आख्खा देवमासा डेकवर ओढून घेता येई आणि तिथेच त्याचे तुकडे करून चरबी वितळवता येई. आता किनाऱ्यावर जाण्याचीही गरज उरली नाही.

एवढे तेल कशासाठी लागे? दिव्यात जाळण्यासाठी नव्हे, ते युग रॉकेलने संपवले होते. निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन मिसळून घट्ट चरबी बनवण्याची कृती विसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आली. आपल्याकडचे वनस्पती तूप ज्या क्रियेने बनते तीच ही क्रिया. तिच्यामुळे देवमाशाचे तेल युरोपात मार्गारीन आणि साबण बनवण्यासाठी जाऊ लागले. १९३०-३१ च्या एकाच हंगामात दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. बाजारात तेलाचा पूर आला आणि भाव कोसळले.

एक निळा म्हणजे दोन फिन

भाव कोसळताच कंपन्यांना शहाणपण सुचले. शिकारीवर मर्यादा घालायची ठरली. पण जातीजातींतला फरक मोजायचा कसा? त्यांनी तेलाचा हिशेब केला. एका निळ्या देवमाशापासून जेवढे तेल निघते, साधारण तेवढे दोन फिन देवमाशांपासून, अडीच हंपबॅक देवमाशांपासून किंवा सहा सेई देवमाशांपासून निघते. म्हणून

१ एकक = १ निळा = २ फिन = २.५ हंपबॅक = ६ सेई

असे समीकरण तयार झाले. समजा, एका जहाजाने १० निळे, २४ फिन, ५ हंपबॅक आणि १२ सेई मारले. त्याची एकके १० + १२ + २ + २, म्हणजे २६ झाली. हिशेब अगदी सुटसुटीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर, २ डिसेंबर १९४६ रोजी, वॉशिंग्टन येथे देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. १९४८ मध्ये तो अमलात आला आणि त्याखाली आंतरराष्ट्रीय देवमासा आयोग स्थापन झाला. दक्षिण ध्रुवीय समुद्रासाठी मर्यादा ठरली ती हंगामाला १६,००० एककांची. ही मर्यादा सर्व देशांना मिळून एकच होती.

आता शिकारी जहाजाच्या कप्तानाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हंगाम ठरलेल्या दिवशी सर्वांसाठी एकदम सुरू होतो. प्रत्येक जहाज आपले आकडे नॉर्वेतील सँडेफ्योर्ड येथील कचेरीला कळवते. सर्वांची बेरीज १६,००० च्या जवळ आली की कचेरी हंगाम बंद झाल्याचे जाहीर करते. म्हणजे जो आधी आणि जास्त मारील त्याचा वाटा मोठा! लोक या प्रकाराला ‘देवमाशांचे ऑलिंपिक’ म्हणू लागले. जो तो अधिक वेगवान नौका आणू लागला आणि हंगाम दिवसेंदिवस आखूड होत गेला.

याहून मोठा दोष खुद्द एककात होता. निळे देवमासे विरळ झाले तेव्हा ते शोधत हिंडणे परवडेना, म्हणून जहाजे फिन देवमाशांच्या मागे लागली. इथे तुम्हाला वाटेल की निळ्याला आता उसंत मिळाली असेल. तसे झाले नाही. फिनच्या शोधात असताना वाटेत एखादा निळा दिसला, तर एकाच शिकारीत दोन फिनइतके तेल हाती येई. तो कोण सोडणार? निळ्यांना शोधण्याचा खर्च फिन देवमाशांच्या शिकारीतून भागत होता. त्यामुळे निळे कितीही कमी झाले तरी त्यांची हत्या थांबत नव्हती. कागदावर मात्र सगळे नियमात होते, कारण एककांची बेरीज मर्यादेतच होती. एकक तेल मोजत होते. समुद्रात कोणत्या जातीचे किती जीव उरले, हे ते मोजतच नव्हते.

मुद्दल आणि व्याज

किती देवमासे मारले तर चालतील, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता. त्याचे तत्त्व तुम्हाला बँकेच्या उदाहरणाने कळेल. समुद्रातले देवमासे हे मुद्दल आणि दरवर्षी होणारी निव्वळ वाढ हे व्याज. व्याजावर जगलात तर मुद्दल अबाधित राहते.

समजा, १,००० देवमाशांचा एक समूह दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतो. वर्षाला ५० मारले तर संख्या कायम राहील. पण १०० मारले तर? पहिल्या वर्षाअखेर ९५० उरतील, दुसऱ्या वर्षी सुमारे ८९८, तिसऱ्या वर्षी ८४२. पाचव्या वर्षी ७२४, दहाव्या वर्षी ३७१, चौदाव्या वर्षी जेमतेम २०. पंधराव्या वर्षी शंभर मारायला शंभर असणारच नाहीत.

या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. पहिल्या तीन वर्षांत दरसाल सुमारे ५० ते ५५ ची घट आहे. अफाट समुद्रात एवढी घट कोणाच्या नजरेस येणार? शेवटी शेवटी मात्र घट दरसाल ९० च्या पुढे जाते, कारण मारण्याचा आकडा तोच राहतो आणि व्याज आटत जाते. संकट डोळ्यांना दिसू लागते तोवर बराच उशीर झालेला असतो. ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण चक्रवाढीच्या गणितातून सिद्ध करता येते, ती अशी!

आयोगाने १९६० च्या सुमारास शिकारी देशांबाहेरचे तीन शास्त्रज्ञ नेमले आणि हे गणित खऱ्या आकडेवारीवर करून घेतले. अमेरिकेचे डग्लस चॅपमन, न्यूझीलंडचे के. रॅडवे ॲलन आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे सिडने होल्ट हे ते तिघे. पुढे जॉन गुलंड हे चौथे आले. त्यांनी १९६३ मध्ये स्पष्ट सांगितले की निळ्या आणि हंपबॅक देवमाशांची शिकार पूर्ण थांबवा आणि फिनची पुष्कळ कमी करा. त्याच सुमारास, १९६३-६४ च्या हंगामात, मर्यादा १०,००० एककांची असूनही जहाजांना तेवढे देवमासे सापडले नाहीत. गणिताला समुद्रानेच दुजोरा दिला.

हंपबॅकला दक्षिण गोलार्धात १९६३ मध्ये आणि निळ्याला १९६६ पर्यंत सर्वत्र संरक्षण मिळाले. ते चुकीचे एकक मात्र १९७२ पर्यंत तग धरून होते. त्यानंतर प्रत्येक जातीसाठी वेगळी मर्यादा ठरू लागली.

व्याजावर जगणे एवढे सोपे असताना शिकारी कंपन्यांनी मुद्दलच का खाल्ले? कॅनडातील गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्ये याचे उत्तर दिले, आणि ते अस्वस्थ करणारे आहे. समजा, प्रत्येक देवमाशाचे १,००० रुपये येतात. दरसाल ५० मारले तर ५०,००० रुपये मिळतील. पण हजारच्या हजार एकदम मारले तर हाती १० लाख येतील आणि १० टक्के परताव्याच्या धंद्यात गुंतवल्यास दरसाल एक लाख मिळत राहतील! ज्या प्राण्याची वाढ पैशाच्या वाढीपेक्षा मंद आहे, त्याला राखण्यात निव्वळ नफा पाहणाऱ्याचा फायदा नाही. सोन्याची अंडी देणारी कोंबडी मारणारा माणूस गोष्टीत मूर्ख ठरतो, पण इथे हिशेबात तोच शहाणा ठरतो. म्हणून हे काम केवळ बाजाराच्या समजुतीवर सोपवून चालत नाही. तिथे कायदाच लागतो.

देशांना कायदा कोण लावणार?

आपल्या देशात संसद कायदा करते, पोलीस तो राबवतात आणि न्यायालय शिक्षा देते. जगाला अशी संसद नाही आणि भर समुद्रात पोलीसचौकी नाही. किनाऱ्यापासून दूरचा समुद्र कोणत्याच एका देशाचा नसतो. आंतरराष्ट्रीय कायदा मुख्यतः देशांच्या संमतीवर उभा असतो. देश करारावर सही करतो तेव्हा तो स्वतःला बांधून घेतो. सही केली नाही तर करारातून येणारे बंधनही त्याला लागू होत नाही.

१९४६ च्या कराराची रचना अशी आहे. मूळ करारात तत्त्वे आहेत आणि त्याला जोडून एक परिशिष्ट आहे. कोणती जात, किती, कोठे, कोणत्या काळात, हे सगळे त्या परिशिष्टात असते. परिशिष्ट बदलायचे तर बाजूने किंवा विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांश देशांची संमती लागते. कराराचे हेतूही दोन आहेत. एक, देवमाशांचे जतन करणे. दोन, देवमाशांच्या शिकारीच्या धंद्याचा सुव्यवस्थित विकास करणे. एकाच पाटीवर लिहिलेले हे दोन हेतू पुढे एकमेकांशी भांडत राहिले, यात नवल ते काय?

शिवाय आकडे खरे की खोटे, हे पाहायला बराच काळ कोणी तटस्थ नव्हते. जहाजावरचा निरीक्षक त्याच देशाचा असे. दुसऱ्या देशाचे निरीक्षक ठेवण्याची व्यवस्था १९७२ मध्ये सुरू झाली. त्याआधी काय घडत होते, ते रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी १९९३ मध्ये जगापुढे आणले. सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात सुमारे २,७०० हंपबॅक मारल्याचे कळवले होते. प्रत्यक्षात मारले होते ४८ हजारांहून अधिक. कुंपणानेच शेत खाल्ले होते! खरे आकडे काही सोव्हिएत शास्त्रज्ञांनी जपून ठेवले होते, म्हणूनच हे उघडकीला आले. प्रयोगवहीत खरे वाचन लिहिण्याची सवय कधी कशी उपयोगी पडेल, हे सांगता येत नाही.

२५ विरुद्ध ७

१९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. तिने व्यापारी शिकार दहा वर्षे थांबवण्याची मागणी केली. आयोगाने ती तेव्हा मान्य केली नाही. पण वारे बदलू लागले होते. हंपबॅक देवमाशांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि ज्याला लोक तेलाचा साठा समजत होते तो प्राणी गातो, हे घरोघरी पोहोचले. आयोगात नवे देश आले. त्यांत १९८१ मध्ये आलेला भारतही होता.

२३ जुलै १९८२ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे मतदान झाले. व्यापारी शिकारीची मर्यादा सर्व मोठ्या देवमाशांसाठी शून्य करावी, असा ठराव होता. बाजूने २५, विरुद्ध ७, तटस्थ ५. तटस्थ मते मोजायची नसतात, म्हणून एकूण मते ३२. त्यांचे तीन-चतुर्थांश म्हणजे २४. ठराव एका मताच्या फरकाने तरला! भारताचे मत बाजूने होते. १९८५-८६ पासून ही बंदी अमलात आली आणि ती आजही उठलेली नाही. अलास्का, ग्रीनलंड, रशियाचा चुकोत्का प्रदेश, कॅरिबियनमधील बेकिया बेट अशा ठिकाणच्या स्थानिक लोकांना मात्र पोटापुरत्या, परंपरागत शिकारीची वेगळी मुभा आहे.

तीन वाटा

तुम्ही विचाराल, मग शिकार थांबली का? फार कमी झाली, पण थांबली नाही. कारण करारातच तीन वाटा ठेवलेल्या आहेत.

पहिली वाट आक्षेपाची. परिशिष्टातला बदल मान्य नसेल तर देशाने ९० दिवसांच्या आत लेखी आक्षेप नोंदवायचा. मग तो बदल त्याला लागू होत नाही. नॉर्वेने आक्षेप नोंदवला आणि १९९३ पासून मिंक देवमाशांची व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. यात त्याने कराराचा भंग केला, असे म्हणता येत नाही. आइसलँड १९९२ मध्ये बाहेर पडला, २००२ मध्ये बंदी मान्य नसल्याची अट घालून परत आला आणि २००६ पासून त्याने व्यापारी शिकार केली.

दुसरी वाट विज्ञानाची. कराराच्या आठव्या कलमाप्रमाणे कोणताही देश वैज्ञानिक संशोधनासाठी देवमासे मारण्याचा परवाना आपल्या लोकांना देऊ शकतो. मारलेल्या प्राण्याचे मांस वाया जाऊ न देण्याचीही तरतूद त्याच कलमात आहे.

तिसरी वाट दाराबाहेरची. १ जानेवारीपूर्वी किंवा त्या दिवशी सूचना दिली की ३० जूनला देश करारातून मोकळा होतो.

या वाटा का ठेवल्या? त्या नसत्या तर मोठ्या शिकारी देशांनी १९४६ मध्ये सहीच केली नसती. दार अजिबात न उघडणाऱ्या घरात कोणी शिरायला तयार होत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याचा हा कायमचा पेच आहे. नियम कडक करावा तर सभासद जातात, आणि सभासद राखावेत तर नियम सैल होतो.

न्यायालयाने तपासलेली प्रयोगवही

दुसऱ्या वाटेवरचा खटला तुमच्यासाठी फार उद्बोधक आहे. बंदीनंतर जपानने आठव्या कलमाखाली दक्षिण ध्रुवीय समुद्रात शिकार चालू ठेवली. २००५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या कार्यक्रमात दरसाल सुमारे ८५० मिंक, ५० फिन आणि ५० हंपबॅक मारण्याची योजना होती. मांस बाजारात विकले जाई. ऑस्ट्रेलियाने ३१ मे २०१० रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. पुढे न्यूझीलंडही त्यात सहभागी झाले.

न्यायालयाने कोणता प्रश्न विचारला, ते पाहा. ‘देवमासे मारणे वाईट आहे का?’ हा तो प्रश्न नव्हता. प्रश्न असा होता की हा कार्यक्रम खरोखर वैज्ञानिक संशोधनासाठी आहे का, आणि जी उद्दिष्टे सांगितली त्यांच्या मानाने नमुन्यांची संख्या वाजवी आहे का? प्रात्यक्षिक परीक्षेतला परीक्षक तुम्हाला हेच विचारतो. एवढीच वाचने का घेतली? आणखी का नाहीत? कमी का नाहीत?

उत्तरे समाधानकारक मिळाली नाहीत. ८५० हा आकडा नेमका कशावरून आला, हे उलगडले नाही. न मारता माहिती मिळवण्याच्या पद्धतींचा पुरेसा विचार झालेला दिसला नाही. शिवाय तोपर्यंत सुमारे ३,६०० मिंक मारले गेले असताना फिन मात्र एकूण १८ आणि हंपबॅक एकही नाही. तीन जातींची तुलना करण्यासाठी आखलेल्या प्रयोगात दोन जातींचे नमुने जवळजवळ नव्हतेच, तरी प्रयोगाची रचना बदलली गेली नाही. एवढ्या वर्षांत परीक्षण होऊन प्रसिद्ध झालेले निबंधही मोजके दोनच पुढे आले. ३१ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की हे परवाने आठव्या कलमात बसत नाहीत आणि ते रद्द केले पाहिजेत. बहुमतातील न्यायाधीशांत भारताचे दलवीर भंडारी होते. ते २००४-०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी स्वतंत्र मतपत्रही जोडले.

जपानने तो कार्यक्रम बंद केला. मात्र २०१५ मध्ये दरसाल ३३३ मिंकची नवी योजना आणली आणि समुद्रातील जीवसंपत्तीचे वाद या न्यायालयापुढे नेता येणार नाहीत, अशी अटही जाहीर केली. अखेर २६ डिसेंबर २०१८ रोजी त्याने तिसरी वाट धरली. ३० जून २०१९ ला जपान करारातून बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची व्यापारी शिकार सुरू झाली. मात्र ती त्याच्या स्वतःच्या सागरी क्षेत्रात. दक्षिण ध्रुवीय समुद्रातून त्याची जहाजे परतली. कायदा हरला की जिंकला? दोन्ही अर्धे खरे आहे, आणि खऱ्या आयुष्यात बरेचदा असेच होते.

करार सोडला म्हणून देश अगदी मोकळा होतो असेही नाही. १९८२ च्या समुद्रविषयक कायद्याच्या करारातील ६५ वे कलम देवमाशांच्या जतनासाठी योग्य आंतरराष्ट्रीय संस्थांमार्फत काम करण्याचे बंधन घालते. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा १९७३ चा करार बहुतेक मोठ्या देवमाशांच्या व्यापाराला मनाई करतो. एका दोराला पीळ अनेक असतात, ते असे.

आपला अरबी समुद्र

आता घराजवळ येऊ. १९७९ मध्ये सेशेल्स या चिमुकल्या द्वीपराष्ट्राच्या प्रस्तावावरून आयोगाने हिंदी महासागर हे देवमाशांचे अभयारण्य जाहीर केले. त्यात आपला अरबी समुद्रही आला. १९९४ मध्ये दक्षिण ध्रुवीय महासागराचे अभयारण्य त्याला येऊन मिळाले.

अरबी समुद्रात हंपबॅक देवमाशांचा एक वेगळा समूह आहे. इतर हंपबॅक ऋतूप्रमाणे ध्रुवाकडे आणि विषुववृत्ताकडे ये-जा करतात. हे मात्र बारा महिने इथेच राहतात. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ यांतले २४२ मारले. ओमानजवळ केलेल्या पाहणीत त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज निघाला. अभयारण्याची घोषणा या जीवांच्या दृष्टीने दहा-बारा वर्षे उशिरा झाली.

आपल्या किनाऱ्यावरही देवमासे येतात. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा लागला होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देवमाशांना संरक्षण दिले आहे. स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबरग्रीसला लोक ‘देवमाशाची उलटी’ म्हणतात. ते बाळगणे आणि विकणेसुद्धा गुन्हा आहे. कोकणातील विद्यार्थ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे आणि किनाऱ्यावर देवमासा दिसल्यास गर्दी न करता वनखात्याला कळवावे.

ताळेबंद

विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. दक्षिण ध्रुवीय समुद्रात शिकारीपूर्वी निळे देवमासे सुमारे २ लाख ३९ हजार असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १९७३ च्या सुमारास ते ३६० च्या आसपास उरले होते, म्हणजे हजारी दीड! नंतर संख्या वाढू लागली आणि १९९८ च्या सुमारास ती सुमारे २,३०० झाली. नैर्ऋत्य अटलांटिकमधील हंपबॅक तर एकेकाळी ४५० च्या आसपास उरले होते. ते आता २५ हजारांच्या घरात, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतके झाले आहेत. पळवाटांनी भरलेल्या कायद्यानेही एवढे साधले.

जहाजांच्या धडका, जाळ्यांत अडकणे आणि इंजिनांचा गोंगाट ही नवी संकटे आहेत. तिथे भाला मारणारा कोणी शत्रू नसतो, त्यामुळे कोणावर बंदी घालावी हेच चटकन सुचत नाही. पुढचा कायदा तुमच्या पिढीला करायचा आहे. तो करताना पहिला प्रश्न हा विचारा की आपण मोजतो आहोत ते नेमके काय? तेल, की जीव?

थोडे डोके चालवा

१. एका जहाजाने ७ निळे, ३० फिन, १० हंपबॅक आणि १८ सेई मारले. त्याची एकके किती? तेवढ्याच एककांसाठी फक्त सेई मारले असते तर किती जीव गेले असते?

२. वरच्या १,००० देवमाशांच्या उदाहरणात वाढीचा दर ५ ऐवजी ८ टक्के धरा आणि दरसाल १०० मारा. दहा वर्षांचा तक्ता करून त्याचा आलेख काढा. आलेखाची वक्रता कशी आहे?

३. निळे देवमासे २५ वर्षांत ३६० चे २,३०० झाले. सरासरी वार्षिक दर काढा. तोच दर टिकला असे मानले तर २ लाख ३९ हजार व्हायला १९९८ पासून किती वर्षे लागतील? प्रत्यक्षात तो दर का टिकणार नाही?

४. १९८२ च्या मतदानात तटस्थ राहिलेल्या पाचांपैकी निदान किती देशांनी विरुद्ध मत दिले असते, तर ठराव पडला असता?

शिक्षकांना एक सूचना कराविशी वाटते. वर्गात आठ ‘देश’ करा आणि एका डब्यात शंभर चिंचोके ‘देवमासे’ म्हणून ठेवा. प्रत्येक फेरीनंतर उरलेल्यांच्या एक-दशांश चिंचोके वाढवा. पहिला डाव नियमाविना खेळा. दुसऱ्या डावात मुलांना स्वतःच करार लिहू द्या, आणि ज्याला आक्षेप असेल त्याला बाहेर पडण्याची मुभा ठेवा. दोन्ही डाव किती फेऱ्या टिकतात, ते फळ्यावर मांडा.